घरच्यांचा वस्तरा

मित्रांनो, मी वस्तरा आहे. जुना आहे आणि आता मला धारही नाही, तेव्हा भिऊ नका, जवळ या.

एका न्हाव्याच्या दुकानात, मागच्या घराकडे जाणाऱ्या दाराच्या वर, काचेच्या चपट्या पेटीत मला ठेवले आहे. दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये हे एकच दार. खुर्चीत बसलेले गिऱ्हाईक दाढीसाठी मान मागे टाकते, तेव्हा त्याला आधी छत दिसते आणि मग मी दिसतो. "हे काय हो, वडिलांची आठवण वाटतं?" असे कुणीतरी विचारतेच. मालक म्हणतात, "आठवणच. पण नुसती वडिलांची नाही." एवढे बोलून ते साबणाचा ब्रश फिरवू लागतात. फेस तोंडाला लागला की गिऱ्हाइकालाही पुढे विचारता येत नाही. म्हणून राहिलेले मी सांगतो.

माझा जन्म भट्टीत झाला. एका लोहाराने पोलादाची पट्टी तापवली, ठोकली, पाण्यात बुडवली, पुन्हा तापवली. शिंगाच्या दोन फाकांची मूठ करून त्यात मला बसवले. त्या वेळी दुखले का, असे विचाराल तर मला सांगता येणार नाही. पोलादाला दुखत नसते. पुढे जे घडले, तेव्हाही मला काही दुखले नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही माझ्याकडून रडण्याची अपेक्षा करणार नाही.

मला विकत घेतले ते आताच्या मालकांच्या वडिलांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचा हात हलका होता. चामड्याच्या पट्ट्यावर ते मला दहा वेळा खाली, दहा वेळा वर असे ओढत, मग अंगठ्याच्या नखावर धार बघत आणि गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवत. निम्मे लोक दाढी होता होता झोपून जात. एक पोस्टमन तर घोरायचाच. अण्णा म्हणायचे, "हा दाढीला येतो का झोपेला, तेच कळत नाही."

एका माणसाची दाढी झाली की अण्णा मला गरम पाण्याच्या वाटीत बुडवत, फडक्याला पुसत आणि दुसऱ्या माणसाच्या गालाला लावत. कुणाला कापलेच तर तुरटीचा खडा फिरवत. सगळीकडे तशीच रीत होती. पुसले की मी चकाकत असे. चकाकणारी वस्तू स्वच्छच असणार, असे सगळ्यांना वाटे. मलाही तसेच वाटे.

पण मित्रांनो, रक्ताचा एक कण इतका बारीक असतो की तो आरशासमोर धरला तरी दिसत नाही. हिपॅटायटिस बी नावाची एक कावीळ आहे. तिचा विषाणू अशा वाळलेल्या कणातही सात-सात दिवस टिकून राहतो. वाटीतल्या पाण्याने तो जात नाही, फडक्याने जात नाही आणि तुरटीने तर नाहीच नाही. अण्णांना तो कधी लागला, कुणाच्या गालावरून आला, की माझा काही संबंधच नव्हता, हे मला माहीत नाही. पात्यावर कुणाचे नाव उमटत नसते.

पुढे अण्णांचा मुलगा हाताशी आला. तो शिकलेला होता. एके दिवशी त्याने वेगळ्याच प्रकारचा वस्तरा आणला. त्यात अर्धे पाते बसवायचे, दाढी झाली की काढून टाकायचे आणि पुढच्या माणसासाठी त्याच्यासमोर कागद फाडून नवे पाते घ्यायचे.

"अण्णा, आता दर माणसाला नवं पातं. रक्तातून रोग लागतात म्हणे. आपल्या दुकानात तसं नको," तो म्हणाला.

अण्णांनी मला हातात घेतले. "मग याचं काय करायचं? भंगारात घालायचं?"

"भंगारात कशाला? घरात राहू दे. घरच्यांना चालेल की."

"घरच्यांना नाही का लागत रोग?"

"काय अण्णा तुम्ही पण! घरच्यांत कसला आलाय रोग?"

अण्णा हसले. मी दुकानातल्या फळीवरून उतरलो, दार ओलांडले आणि मोरीजवळच्या आरशाखाली येऊन पडलो. दाराच्या पुढे दर माणसाला नवे पाते आणि दाराच्या मागे सगळ्यांना मिळून मी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा असतो. त्यात कुणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही. उलट माझा मान वाढला. "विकतच्या पात्याला याची सर नाही," असे मुलगा स्वतःच म्हणे.

दुकानाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे. त्या दिवशी सकाळी सगळे घर माझ्यासमोर रांगेत. आधी अण्णा, मग मुलगा. मग सूनबाई तळपायाचे कुरूप तासून घेत. मुलाची मोठी बहीण शेजारच्याच गल्लीत राहत होती. ती आली की तिची नखे निघत. "न्हावी दिसला की नखं वाढतात म्हणतात, ते उगाच नाही," असे अण्णा तिला चिडवत. तीही सोडत नसे. "मग न्हाव्याच्या पोटी जन्माला कशाला घातलंत?" म्हणून पाय पुढे करी.

या घरात एक नात होती. साडेतीन वर्षांची. क्षणभर एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे खारू म्हणत, झाडावरच्या खारीवरून. एकदा तिच्या डोक्यात उवा झाल्या. तेल झाले, फणी झाली, काही उपयोग होईना. शेवटी सुट्टीच्या दिवशी ठरले, चकोट करायचा.

त्या सकाळीही आधी अण्णांनी स्वतःची दाढी केली. हात आता थोडा कापत होता. हनुवटीवर कापले. त्यांनी तुरटी लावली, मला वाटीत बुडवले, पट्ट्यावर दोन वेळा ओढले आणि हाक मारली, "चला, खारूबाई!"

मुलाने तिला मांडीत घेऊन डोके दोन्ही हातांनी धरले.

"हललीस तर कान जाईल हं," अण्णा म्हणाले.

"कान गेला तर मी तुमचा चष्मा कुठे अडकवू?"

सगळे घर हसले. अण्णाही हसले. हसता हसता त्यांचा हात किंचित सरकला आणि खारूच्या उजव्या कानामागे एक बारीक लाल रेघ उमटली. मुंगी चावावी एवढीच. सूनबाईंनी फुंकर घातली. अण्णांनी तुरटी लावली. खारू रडली नाही, आरशात स्वतःचे टक्कल बघून टाळ्या पिटू लागली.

अण्णांचे रक्त आणि तिचे रक्त, माझ्या एकाच कडेवर, पाव तासाच्या अंतराने. मला काही वाटले नाही.

त्यानंतर काहीच झाले नाही. ताप नाही, उलटी नाही, डोळे पिवळे नाहीत. लहान वयात हा विषाणू शिरला तर तो बहुधा असाच गप्प बसतो. मोठ्या माणसांतले बरेच जण त्याला अंगातून हाकलून देतात. लहान मुलांना ते जमतेच असे नाही. त्यासाठी लस असते. पण त्या काळी ती लहान मुलांना सरसकट टोचत नसत, आणि खारूला कुणी टोचली नव्हती.

काही वर्षांनी अण्णांचे पोट फुगले, पाय सुजले आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला. यकृत कामातून गेले, असे डॉक्टरांनी सांगितले. गल्लीत कुजबुज सुरू झाली. "प्यायल्याशिवाय का यकृत जातं? लपून घेत असतील." अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पोस्टमन भेटायला आला, तेव्हा ते त्याला म्हणाले, "अरे, मी फेस ओळखतो तो एक साबणाचा." पोस्टमन हसला आणि बाहेर जाऊन त्याने डोळे पुसले. हे यकृत कशाने गेले, म्हणून कुणी रक्त तपासले नाही. अण्णा गेले आणि त्यांच्यामागे ती कुजबुज तेवढी राहिली.

मी आता अण्णांचा वस्तरा झालो. मुलगा मालक झाला. तो मला जास्तच जपू लागला.

खारू मोठी झाली, तिचे लग्न झाले. नवरा लांबच्या कारखान्यात कामाला होता. दिवस गेल्यावर शेवटचे तीन महिने ती आईवडिलांकडे राहायला आली. दवाखान्यात तिच्या रक्ताची तपासणी झाली. ती कागद घेऊन घरी आली तेव्हा मी आरशाखाली होतो. तिने कागद ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" आईने विचारले.

"कावीळ आहे म्हणाल्या. रक्तात. हिपॅटायटिस बी."

"अगं, डोळे तर पांढरे आहेत तुझे!"

"तसंच असतं म्हणाल्या. बाळाला होऊ शकते. जन्मताना."

आणखी काही तिला सांगता येईना. डॉक्टरीणबाई बरेच बोलल्या होत्या, पण 'बाळाला' या शब्दापुढचे तिला ऐकूच आले नव्हते.

बातमी शेजारच्या गल्लीत गेली आणि आत्या धावत आल्या. कावीळ म्हटल्यावर त्यांना एवढेच ठाऊक होते की ती उष्ट्यातून लागते. त्यांनी खारूचे ताट वेगळे काढले, पेला वेगळा काढला, त्याला खालून रंगाचा ठिपका लावला. तिची भांडी उकळत्या पाण्यात टाकली. तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवून वाढू लागल्या. माया नव्हती असे नाही. वाढताना त्या दर वेळी पदराने डोळे पुसत. खारू जेवत होती. चव लागते का विचारले तर "हो" म्हणत होती. एके काळी एका जागी न ठरणारी ती पोर आता तासन् तास त्या उंबऱ्याबाहेर बसे.

आणि मित्रांनो, तिला पोटामुळे वाकता येत नसे, म्हणून तिच्या पायाची नखे तिची आई काढून देई. कशाने? माझ्याने. एकदा अंगठ्याला जरासे लागले. आईने मला पदराला पुसले आणि परत आरशाखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी मालकांनी माझ्यानेच दाढी केली.

ताट वेगळे झाले, पेला वेगळा झाला. मला कुणी वेगळे केले नाही.

बाळंतपण जवळ आलेल्या बायकांच्या घरी एक नर्सबाई येत असत. जाड चपला, खांद्याला पिशवी, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावे. त्या आल्या तेव्हा जेवणाची वेळ होती. उंबऱ्याबाहेरचे ताट त्यांनी पाहिले.

"ही बाहेर का?"

"लागेल ना बाई सगळ्यांना," आत्या म्हणाल्या.

नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली, तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, खारूच्या शेजारी फतकल मारली आणि तिच्या ताटातला एक घास उचलून तोंडात घातला. आत्यांच्या हातातला डाव खाली पडला.

"मीठ कमी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "ऐका. पाण्यातून, उघड्या अन्नातून लागते ती कावीळ वेगळी. तिच्यासाठी पाणी उकळा, हात धुवा, बरोबर आहे. हिची तशी नाही. ही रक्तातून जाते, आईकडून बाळाला जाते, नवरा-बायकोत जाते. शेजारी बसून, एका ताटात जेवून, पापा घेऊन जात नाही. उचला ते ताट आत."

मग त्या हात धुवायला मोरीकडे आल्या आणि मी त्यांच्या नजरेला पडलो.

"हा कुणाचा?"

"आमच्या अण्णांचा," मालक दारातून अभिमानाने म्हणाले. दुकानात पोस्टमनला खुर्चीत तसाच ठेवून ते आत आले होते.

"आता कोण वापरतं?"

"सगळेच. घरचाच आहे."

"दुकानात काय वापरता?"

"छे छे, दुकानात दर माणसाला नवं पातं! गिऱ्हाइकासमोर कागद फाडतो."

"का?"

"का म्हणजे? रक्तातून रोग..."

वाक्य तिथेच राहिले.  नर्सबाईंनी विचारले, "अण्णा कशाने गेले?"

"यकृताने," सूनबाई म्हणाल्या. मग त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "खारूचा चकोट. आठवतं का हो? कानामागे लागलं होतं."

मालकांना आठवले. डोके त्यांनीच धरले होते. घरात राहू दे, असे म्हणणारेही तेच होते.

"त्यातूनच आलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आता ते शोधून काय करायचं? बाळाचं बघा. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत पहिली लस. सोबत विषाणूला लगेच अडवणारं दुसरं एक इंजेक्शन असतं, तेही मागून घ्या. पुढच्या लसी वेळेवर. एवढं नीट झालं तर बहुतेक बाळं यातून वाचतात. खारूला डॉक्टरीणबाई गोळ्या देतील, त्या चुकवायच्या नाहीत. अंगावर पाजायला हरकत नाही. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त उद्याच्या उद्या तपासा."

मालक दुकानात परत गेले. दार उघडे होते, म्हणून मला दिसले. त्यांनी नवे पाते लावले, पोस्टमनच्या एका गालावरून वस्तरा फिरवला आणि ते थांबले. 

"अहो," पोस्टमन म्हणाला, "अर्धाच चेहरा घेऊन जाऊ का?"

मालकांनी ऐकले नाही. शेवटी पोस्टमनने स्वतःच टॉवेलने फेस पुसला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो अर्ध्या दाढीने पत्रे वाटायला गेला.

घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. मालकांना तो आजार कधीतरी होऊन, नकळत बरा होऊन गेला होता. सूनबाई, आत्या आणि खारूचा नवरा यांना नव्हता. तिघांनी लसीचे तीन-तीन डोस घेतले. पहिल्या सुईला आत्यांनी एवढा आरडाओरडा केला की नर्सबाई म्हणाल्या, "बाळ असं रडलं तर मी समजू शकते."

माझे काय करायचे, हा प्रश्न होता. जाड डब्यात बंद करून दवाखान्यात द्या, असे नर्सबाई म्हणाल्या. मालकांनी मान खाली घालून विचारले, "ठेवता नाही का येणार? वापरायला नाही. दिसायला." नर्सबाईंनी सांगितले तसे मालकांनी हातमोजे घातले, मला ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवले, मग दगडावर घासून माझी धार काढून टाकली. जी धार अण्णा नखावर पारखत, ती पाच मिनिटांत गेली. ब्लीचने पडलेला काळा डाग अजून माझ्या पाठीवर आहे. मला काही वाटले नाही. पेटीत घालून मला दारावर लावले, ना धड दुकानात, ना धड घरात.

इथून मला दोन्ही बाजू दिसतात. मोरीजवळच्या भिंतीवर आता चार खुंट्या आहेत, चौथी येऊन-जाऊन असणाऱ्या जावयाची. प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची पिशवी, आणि त्यात ज्याचा त्याचा दाढीचा वस्तरा, नेलकटर, दात घासायचा ब्रश. कुणाचे बोट कापले तर आधी पट्टी, मग बाकीचे काम. सांडलेले रक्त उघड्या हाताने कुणी पुसत नाही. आत्यासुद्धा नखे काढायला येताना स्वतःचा नेलकटर घेऊन येतात.

बाळ झाले, मुलगी. मालकांनी लसीची चिठ्ठी खिशात ठेवली होती. दवाखान्यात जो दिसेल त्याला, झाडणाऱ्या माणसालासुद्धा, ते वाचून दाखवत होते. शेवटी एक डॉक्टर म्हणाले, "आजोबा, टोचून तीन तास झाले. आता बसा." ते बसले.

पण लस टोचली म्हणजे निकाल लागला असे नाही. सगळे डोस पुरे झाल्यावर, बाळ वर्षाचे होत आले की रक्त तपासतात. तोवर थांबायचे. खारूही तोवर इथेच राहिली. त्या वर्षात या घरात कुणी मोठ्याने हसल्याचे मला आठवत नाही. रडल्याचेही आठवत नाही. सगळे आपापले काम करत होते. खारू गोळी घेई, बाळाला पाजी, तारखेला लस देऊन येई. मालक पात्यांचे कागद फाडत.

एका दुपारी खारू बाळाला कडेवर घेऊन पुढच्या बाजूने थेट दुकानात आली. हातात कागद होता. खुर्चीत पोस्टमन होता, एक गाल झालेला.

मालकांनी आधी वस्तरा खाली ठेवला. मग विचारले, "काय आलं?"

"नाही बाबा. तिच्यात नाही. लसही लागू पडली आहे."

मालक शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

"या दुकानात माझा चेहरा एका दमात पुरा होईल तर शपथ," पोस्टमन म्हणाला. पण या वेळी टॉवेल त्याने डोळ्यांना लावला होता.

थोड्या वेळाने मालकांनी विचारले, "आणि तुझं?"

"माझं आहे तसंच. सहा महिन्यांनी परत तपासायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासत राहिलीस तर म्हातारी होशील." ती जराशी हसली. "बाबा, तुम्ही जेवलात का? मी तुमच्याच ताटात बसते."

मित्रांनो, मी पोलाद आहे. ज्याने धरले त्याच्या हातून मी चाललो. मला कळत नव्हते, पण तुम्हाला आता कळले आहे. घरी गेल्यावर आरशाखाली बघा. तिथे माझ्यासारखे कुणी सगळ्यांचे म्हणून पडले असेल, तर ते आजच ज्याचे त्याला करा. तुमच्या लसी झाल्या का, ते आईला विचारा. आणि कुणाला हा आजार असला, तर त्याचे ताट वेगळे करू नका.

त्या दिवशी जेवण झाल्यावर खारूने बाळाला उचलून माझ्यासमोर धरले. बाळाला चकाकणारे सगळे हवे असते. त्या चिमुकलीने हात पुढे केला आणि तळवा काचेवर टेकवला. तिची पाच बोटे आणि माझे पाते यांच्यामध्ये ती काच होती.

ती तिथेच असू द्या.